पाळीची वही: सोळा घरांच्या सामायिक कामांच्या नोंदी

२१ एप्रिल २०२४, रविवार

आजपासून सामायिक कामांचे दुसरे वर्ष सुरू झाले. पहिल्या वर्षी वही अशी नव्हतीच. जेवणघराच्या दाराला एक तक्ता चिकटवलेला होता आणि काम झाले की आपल्या घर क्रमांकासमोर बरोबरची खूण करायची, एवढीच पद्धत होती. वर्षअखेरीस तो तक्ता तेला-हळदीच्या डागांनी इतका भरला की खूण कोणती आणि डाग कोणता, हे ओळखणे अवघड झाले. माझी सारी नोकरी सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात गेली असल्यामुळे सभेने नोंदींचे काम माझ्याकडे सोपवले आणि मीही ते, खरे सांगायचे तर, थोड्या हावरेपणानेच घेतले.

पुढे ही वही ज्यांच्या हाती जाईल त्यांच्यासाठी मूळ माहिती लिहून ठेवतो. नाशिक शहराच्या कडेला आमची १६ घरे आहेत, माणसे ४१, त्यांपैकी प्रौढ २९. कागदोपत्री आम्ही १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली एक साधी गृहनिर्माण संस्था आहोत. प्रत्येकाचे घर आणि चूल वेगळी आहे. मात्र मधले मोठे स्वयंपाकघर व जेवणघर, त्याला लागून असलेली दोन स्वच्छतागृहे, अवजारांची खोली, बाग, खताचे तीन हौद आणि पाण्याच्या टाक्या हे सगळे सोळाही घरांचे आहे. मंगळवारी आणि रविवारी रात्री सर्वांचे जेवण एकत्र होते. या सामायिक गोष्टींसाठी नोकर ठेवायचा नाही, आपण राबायचे, असा करार घरे बांधण्याआधीच झालेला आहे.

ही कल्पना आपली की परकी, यावर आजच्या सभेत पाऊण तास गेला. डेन्मार्कमध्ये वास्तुविशारद यान गुडमन-हॉयर यांनी १९६४ मध्ये मित्रमंडळी जमवून अशा वस्तीचा विचार सुरू केला आणि १९७२ साली कोपनहेगनच्या उत्तरेला सेत्तेदामेन ही २७ घरांची वस्ती उभी राहिली, हे क्र. ४ च्या निवृत्त शिक्षकांनी सांगितले. त्यावर कोणीतरी म्हणाले की मुंबईत गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था तर १९१५ सालीच स्थापन झाली होती, मग आपण डेन्मार्कला कशाला जायचे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या एक नाहीत. सारस्वतांची ती संस्था उभारणारे तळमकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना घरमालकाच्या भाडेवाढीपासून सुटका हवी होती, म्हणून त्यांनी मालकी एकत्र केली. डेन्मार्कमधल्या मंडळींनी रात्रीचा स्वयंपाक एकत्र केला. आमच्याकडे पहिली गोष्ट कायद्याने झाली आहे आणि दुसरीसाठी ही वही आहे.

ठरले ते असे: प्रत्येक प्रौढाने महिन्याला सहा तास द्यावेत. ऐंशी ओलांडलेले दोघे आणि नुकतीच बाळंत झालेली एक, अशा तिघांना सूट आहे. उरलेल्या २६ जणांचे महिन्याचे १५६ तास होतात. सर्व कामे पाळीपाळीने सर्वांकडे फिरतील, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही. ही सूचना माझीच होती आणि ती एकमताने मंजूर झाली.

१२ मे २०२४, रविवार

गच्चीवरील दहा हजार लिटरची सिमेंटची टाकी धुतली. नऊ जण, तीन तास, एकूण २७ तास.

उन्हाळ्यात टाकी धुवायची तर पाणी वाया जाता कामा नये, म्हणून शुक्रवारपासूनच मोटर बंद ठेवून टाकी वापरून रिकामी होऊ दिली होती. तळाशी वीतभर पाणी उरले, ते बादल्यांनी काढून बागेला दिले. त्याखाली चार बोटे गाळ होता, चिकट आणि राखाडी, पायाला साबणासारखा निसटणारा. काथ्याच्या ब्रशांनी भिंती घासल्या. साबण किंवा कपड्यांची पावडर टाकीत वापरायची नाही, हे सांगूनही एकाने आणलीच होती, ती परत पाठवली.

निर्जंतुकीकरणाचा हिशेब मी आदल्या रात्री करून ठेवला होता. लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन धरले तर भरलेल्या टाकीला ५०० ग्रॅम क्लोरीन लागते. ब्लीचिंग पावडरीत ते २५ टक्के धरले तर पावडर दोन किलो लागेल. कागद घेऊन मी वर गेलो तेव्हा क्र. ७ च्या माईंनी तो वाचला आणि विचारले, ‘आणि हे दहा हजार लिटर पाणी नंतर मे महिन्यात ओतून कुठे देणार, भाऊ?’ याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मग बादलीभर पाण्यात पावडर कालवून, वरची निवळी घेऊन ती भिंतींना आणि तळाला ब्रशने लावली, अर्धा तास ठेवली आणि पाइपने धुऊन काढली. टाकीत उतरलेल्या दोघांना दर दहा मिनिटांनी वर काढले, कारण बंद जागेत तो वास छातीत बसतो. टाकी पुन्हा भरल्यावर किटने तपासले, तेव्हा नळाच्या पाण्यातील मोकळे क्लोरीन पिण्याच्या पाण्याच्या मानकात सांगितलेल्या लिटरमागच्या ०.२ मिलिग्रॅमच्या वर आले.

खरी नोंद यापुढची आहे. टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडावर जाळी असते. ती फाटलेली निघाली. फाटून बराच काळ झाला असावा, कारण पाइपच्या आत पारव्याने काड्या आणून ठेवल्या होत्या आणि गाळात पिसे सापडली. मी खाली येऊन गेल्या वर्षीचा तक्ता काढला. ‘गच्ची व टाकी पाहणी’ या ओळीत बारा महिन्यांच्या बारा खुणा होत्या, एकही चुकलेली नव्हती. त्यांतली ऑक्टोबरची खूण माझी होती. मी त्या दिवशी गच्चीवर नक्की गेलो होतो, टाकीचे झाकण बंद असल्याचेही पाहिले होते. पाइपला जाळी असते, हे मला ठाऊकच नव्हते.

१६ जून २०२४, रविवार

मृगाच्या सरी चालू आहेत. जेवणघराच्या पत्र्यावरचे पाणी जमिनीखालील टाकीत घ्यायची सोय आहे. १८० चौरस मीटर पत्रा, वर्षाचा पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर आणि दहातले आठ भाग पाणी हाती लागते असे धरले तर लाखभर लिटर मिळायला हवे. पहिल्याच जोरदार सरीत सगळे पाणी पन्हळीवरून उसळून भिंतीवर पडले. पन्हळीत गेल्या वर्षीचा पाचोळा घट्ट बसला होता. यादीत ‘पत्रा’ होता, ‘पाण्याची टाकी’ होती, पण दोहोंच्या मधली पन्हळ कोणत्याच ओळीत नव्हती. ती ओळ आज घातली. (एकूण ओळी आता ३४.)

३० जून २०२४, रविवार

मे आणि जून या दोन महिन्यांचे अपेक्षित तास ३१२, नोंदलेले २८७. लेखापरीक्षकाच्या नजरेने ही वसुली उत्तम आहे आणि मी तसे सभेत मोठ्या आवाजात वाचून दाखवले.

तासांची फोड केल्यावर मला स्वतःला आश्चर्य वाटले. एका सामायिक जेवणाला दोन जण तीन तास राबतात आणि नंतर भांडी, ओटा, फरशी यांना दोन जण दीड तास घालवतात, म्हणजे एका रात्रीचे नऊ तास झाले. महिन्यात अशा नऊ रात्री येतात. १५६ पैकी ८१ तास, म्हणजे अर्ध्याहून अधिक राबणूक, एकट्या जेवणघरात जाते आणि आम्ही सभांमधून चर्चा करतो ती बागेची.

माईंनी मात्र हिशेबावर हरकत घेतली. मंगळवारी उसळ करायची तर सोमवारी सकाळी अडतीस माणसांचे मटकीचे माप काढून भिजत घालावे लागते, रात्री उपसून बांधावे लागते, गॅसचे सिलिंडर हलके लागते आहे हे उचलून पाहावे लागते, तिखट संपत आल्याचे आठवणीत ठेवावे लागते. ‘मटकी भिजत घातली, याला दोन मिनिटे लागली. पण घालायची आहे हे सोमवारभर डोक्यात होतं, ते कोणत्या रकान्यात लिहू?’ असे त्यांनी विचारले. सभेत हशा पिकला. हसणाऱ्यांत पुरुष जास्त होते, हे नोंदीसाठी लिहितो. स्वयंपाकाच्या पाळ्या पुरुषांनीही बरोबरीने केल्या आहेत, तासांत तूट नाही. फक्त पुरुषांची पाळी असली की आदल्या दिवशी माईंचा किंवा क्र. २ च्या वहिनींचा फोन जातो आणि ‘उद्या तुमची पाळी आहे, चणे भिजवलेत का?’ असे विचारले जाते. त्या फोनची नोंद आजवर कुठेच झालेली नाही.

मी ‘पूर्वतयारी’ असा रकाना वाढवण्याचे सुचवले. माई म्हणाल्या, राहू द्या.

२१ जुलै २०२४, रविवार

खताच्या हौदांना दुर्गंधी सुटली आहे. क्र. १४ आणि १५ यांनी लेखी तक्रार केली, तीही रास्त आहे, कारण वारा पश्चिमेचा आहे आणि हौद त्यांच्या खिडक्यांच्या पश्चिमेला आहेत.

आमच्या काट्यावर रोजचा ओला कचरा सरासरी ११ किलो भरतो. एक हौद भरायचा, दुसरा मुरवायचा, तिसऱ्यातले खत काढायचे, अशी रीत आहे. आज मधला हौद फावड्याने उकरला तेव्हा वरच्या वितीखाली सगळा काळा चिखल होता आणि त्यात तपकिरी, चपट्या अळ्यांची नुसती वळवळ चालली होती. अळ्यांनी लोक जास्त घाबरले, पण त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या आहेत आणि कचरा खाण्याचे कामच करतात. दोष वासाचा आहे आणि वास येतो तो हवा न मिळाल्यामुळे. मुठीत घेऊन दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब निघेल इतकीच ओल खतात हवी. माझ्या मुठीतून धार लागली.

कारण सरळ आहे. ओल्या कचऱ्यावर प्रत्येक वेळी सुक्या पाचोळ्याचा थर पडला पाहिजे. पाचोळा फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत पोत्यांत भरून ठेवायचा असतो. आम्ही तो त्या वेळी झाडून गोळा केला, पण पोती उघड्यावर राहिली आणि पहिल्या पावसात भिजून कुजली. पुढच्या आठवड्यांत ज्याची-ज्याची पाळी आली, त्याने-त्याने आत पाहिले, पाचोळा नाही असे दिसले आणि ओला कचरा तसाच ओतून खूण केली. सहा आठवड्यांत सहा वेगवेगळी माणसे झाली. प्रत्येकाला वाटले, हा एका आठवड्याचा प्रश्न आहे. मी त्यांतल्या चौघांशी बोललो, कोणीही आळशी नाही. दुसऱ्याच्या पाळीत आपण कशाला बोलायचे, हा सर्वांचा संकोच होता.

तात्पुरता उपाय म्हणून क्र. ११ चा मुलगा आणि त्याची दहा वर्षांची पुतणी एका सुताराकडून लाकडाच्या भुशाची चार पोती घेऊन आले आणि दोघांनी मिळून हौद पालथा घातला. पुतणीने वहीत स्वतःच्या हाताने ‘वास कमी. अळ्या भरपूर. एक गोगलगाय’ अशी नोंद केली आहे, ती मी खोडलेली नाही.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

पाऊस धरून असल्यामुळे बागकाम रद्द झाले आणि जेवणघरात चहा घेत बसलो असता क्र. ३ च्या आबांनी फडाची गोष्ट सांगितली. ती मी सविस्तर लिहितो, कारण गेले तीन महिने मला जे बोचत होते त्याला तिच्यामुळे आकार आला.

आबा मूळचे धुळे जिल्ह्यातील साक्रीकडचे. त्या भागात पांझरेवर आणि इकडे नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धतीने पाणी वापरले गेले. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटातून चाऱ्या आणि त्यांच्याखाली येणाऱ्या रानाचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि दर वर्षी पिके एका फडातून दुसऱ्या फडात फिरवायची. पाट ही कोणा एकाची मालमत्ता नाही, तेव्हा गाळ काढणे आणि बंधाऱ्याची डागडुजी हे शेतकरी मिळून करतात. इथपर्यंत ते आमच्या श्रमदानासारखेच आहे.

फरक यापुढे आहे. पाणी सोडण्याची पाळी शेतकऱ्यांमध्ये फिरत नाही. पाणी पाटकरी देतो. स्वतःच्या शेताला पाणी हवे म्हणून शेतकऱ्याने आपल्या हाताने चारी फोडायची नाही, मग तो कितीही मोठा खातेदार असो. उभ्या पिकाच्या राखणीला जागल्या असतो. या माणसांना शेतकरीच नेमतात आणि त्यांचा मोबदला पूर्वी धान्यात देत. आबांचे शब्द असे होते: ‘पाट साफ करायला सगळा गाव. पण पाट कुठे पाझरतो, ते पाटकऱ्यालाच माहीत. रोज बदलला असता, तर त्याला तरी काय कळलं असतं?’

मी विचारले, की मग पाटकरी पक्षपात करत नसेल कशावरून. आबा म्हणाले, सगळ्यांचे पीक एकच आणि सगळे शेजारी-शेजारी, त्यामुळे कोणाचे सुकले ते बांधावरून दिसते, वहीत बघायला लागत नाही. हे माझ्या पेशाला उद्देशून होते की नाही, ते मला ठरवता आलेले नाही.

रात्री बसून ३४ ओळींपुढे मी दोन खुणा करून पाहिल्या. कोणीही, कधीही, आधीची माहिती नसताना करू शकेल अशी कामे (झाडलोट, भांडी, फरशी, पोती उचलणे, गाळ काढणे) एका बाजूला घेतली आणि काल काय होते ते माहीत असल्याशिवाय ज्यांत आज काय बिघडले ते कळणार नाही अशी कामे (टाक्या व मोटर, खत, पन्हळी, कोठीघर, अवजारे, रोपे) दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूला १३ ओळी आल्या. त्या तेराही मी एप्रिलमध्ये न्यायाच्या नावाखाली पाळीला लावल्या होत्या.

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

विशेष सभा झाली. उपस्थिती २३. माझीच एप्रिलची सूचना मागे घेण्याचा प्रस्ताव मी मांडला. पहिल्या प्रकारची कामे पाळीनेच फिरतील. दुसऱ्या प्रकारच्या प्रत्येक कामाला वर्षभरासाठी एक पाटकरी असेल (हा शब्द सर्वांना आवडला). तो स्वतः राबेलच असे नाही, पण काय करायचे आहे ते तो सांगेल आणि त्याचे ऐकले जाईल. पन्नास मिनिटांत मंजूर झाले.

त्यानंतर जेवणघरालगतच्या दोन स्वच्छतागृहांचा विषय निघाला आणि त्याला दोन तास लागले.

क्र. १० यांनी सुचवले की एवढ्या एका कामापुरती बाहेरची बाई लावावी, सर्वांची सोय होईल. सहा-सात माना लगेच हलल्या. क्र. ४ च्या गुरुजींनी विचारले की ३४ कामांपैकी नेमके हेच एक काम बाहेर द्यावेसे का वाटते. तांदूळ निवडणे त्याहून कंटाळवाणे आहे, टाकी धुणे त्याहून कष्टाचे आहे. सभा काही वेळ गप्प झाली. मग त्यांनी कोकणातल्या अप्पा पटवर्धनांची आठवण काढली. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्याला करू द्यावे, एवढ्या मागणीसाठी अप्पांनी अन्न कमी केले होते आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांच्यासाठी उपोषण आरंभले होते. काम टाळण्यासाठी भांडणारे पुष्कळ असतात, अप्पा ते मिळावे म्हणून भांडले. गुरुजींचा आवाज नेहमीसारखाच होता, पण क्र. १० यांना ते लागले. आपल्याला जातीवरून बोलले गेले, असे ते म्हणाले. गुरुजी म्हणाले की मी तुम्हाला काही बोललो नाही, काम कसे वाटले जाते त्याविषयी बोललो. दोघांचेही वाक्य इतिवृत्तात आहे.

अखेर ठराव असा झाला: स्वच्छतागृहांची सफाई सर्व प्रौढांकडे चिठ्ठ्या टाकून जाईल, पाटकऱ्यांनाही त्यातून सूट नाही आणि घरी येणाऱ्या मावशींना आपल्या पाळीवर पाठवता येणार नाही. क्र. १० आणि क्र. ९ यांनी विरोधी मत नोंदवले.

याला जोडून एक गोष्ट ठळक लिहिली. सेप्टिक टँकचे झाकण आमच्यापैकी कोणी उघडून आत उतरायचे नाही आणि दुसऱ्या कोणालाही उतरवायचे नाही. श्रमदानाच्या उत्साहात मागे एकाने तसे सुचवले होते. आतला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही आणि २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून अशी धोकादायक सफाई करवून घेणे गुन्हा आहे. टँक उपसायचा तर उपसा यंत्राचा टँकर बोलवायचा, पाइप वरून सोडायचा आणि खर्च सोळा घरांत विभागायचा. हे एक काम पैसे देऊनच करायचे आहे, यावर मात्र कोणाचे दुमत नव्हते.

१८ सप्टेंबर २०२४, बुधवार

काल अनंत चतुर्दशी झाली. दहा दिवसांच्या मांडवाची आवराआवर आज सकाळी साडेसहाला कोणी कोणाला न बोलावता सुरू झाली आणि आठला संपली. निर्माल्य वेगळे करून खताच्या हौदाकडे गेले, सतरंज्या झटकून गच्चीवर पडल्या, कढया घासून झाल्या. विरोधी मत नोंदवणारे क्र. १० हातात खराटा घेऊन सर्वांत आधी आलेले होते. तास लिहायला मी वही उघडली तेव्हा माझ्या सौ.नी ती मिटवली.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

क्र. ९ यांचे प्रकरण नोंदवायचे आहे. त्या घरातील तरुण गृहस्थांच्या नावावर जूनपासून एकही तास नाही. दिवाळीआधीच्या साफसफाईलाही ते आले नाहीत, तेव्हा दंडाची मागणी झाली. कोणी तासाला दोनशे रुपये म्हटले, कोणी तीनशे. मी विरोध केला. एकदा तासाला भाव ठरला, की ज्याला परवडते तो दर महिन्याला निवांत पैसे टाकेल आणि सहा महिन्यांत आपण पुन्हा एका साध्या संस्थेचे सभासद होऊ. गुरुजींनी एलिनॉर ऑस्ट्रम यांचा दाखला दिला. सामायिक संपत्ती लोक स्वतः कशी सांभाळतात याच्या अभ्यासासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. टिकून राहिलेल्या व्यवस्थांमध्ये शिक्षा पायरीपायरीने वाढते आणि पहिली पायरी अगदी हलकी असते, हे त्यांच्या निरीक्षणांपैकी एक आहे. सभेने पहिली पायरी म्हणून मला चहाला पाठवले.

त्या घरी मला जे कळले ते असे. ते अमेरिकेच्या वेळेनुसार काम करतात, पहाटे चारला झोपतात आणि आमचे रविवारचे काम सकाळी सातला सुरू होते. आमच्याकडे नळाला पाणी रात्री अडीच-तीनच्या सुमारास येते. खालच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडणे, ती भरली की मोटर लावून वर पाणी चढवणे, हे स्वयंचलित यंत्रणेने व्हायला हवे. पण तिचा तरंगता स्विच जूनमध्येच अडकून बसला होता. तेव्हापासून हे गृहस्थ बहुतेक रोज रात्री अडीचला कामातून उठून, टॉर्च घेऊन खाली जातात आणि पाणी चढवून परत येतात. त्यांनी कोणाला सांगितले नाही, कारण आपण जागेच असतो, त्यात सांगण्यासारखे काय आहे, असे त्यांना वाटले. तक्त्यावर ‘मोटर व पाणी’ या ओळीत या काळात सात जणांच्या खुणा आहेत. सकाळी टाकी भरलेली पाहून प्रत्येकाने खूण केली होती.

रात्रीला वीस मिनिटे धरली तर पाच महिन्यांचे पन्नास तास होतात. ठरलेल्या तीसपेक्षा वीस जास्तच. मी हे सभेला सांगितले तेव्हा दंड मागणारे खाली पाहत होते. मीही कुठे वर पाहू शकत होतो.

स्विच चारशे रुपयांत बदलला आणि पाणी व मोटरीचे पाटकरी म्हणून क्र. ९ यांनाच नेमले. स्वच्छतागृहाच्या चिठ्ठीला मात्र त्यांचा नकार कायम आहे. तो त्यांनी नम्रपणे आणि कारण न देता सांगितला. हा मुद्दा सुटलेला नाही. त्यांची नोव्हेंबरची पाळी क्र. १० यांनी केली, त्याविषयी दोघांपैकी कोणीही माझ्याशी बोललेले नाही. (हे वाक्य ३० नोव्हेंबरला मागाहून घातले आहे.)

२९ डिसेंबर २०२४, रविवार

नोव्हेंबर-डिसेंबरचे नोंदलेले तास २३१, म्हणजे मे-जूनपेक्षा ५६ कमी. जाळी शाबूत आहे, पन्हळ पाचोळ्याने भरण्याआधीच साफ झाली, तिसऱ्या हौदातून चाळून १९० किलो खत निघाले. माझ्या जुन्या पद्धतीने पाहिले तर वसुली घटली आहे.

पाटकऱ्यांच्या पद्धतीचा दोषही दिसू लागला आहे, तो लपवत नाही. खताचा पाटकरी असलेला क्र. ११ चा मुलगा आठ दिवस गावी गेला होता. त्या आठ दिवसांत एकाही माणसाने हौदावर पाचोळा टाकला नाही. विचारल्यावर उत्तर आले, ‘ते त्याचं खातं आहे ना.’ कोठीघरात माईंनी डब्यांची मांडणी अशी केली आहे की त्या घरी नसल्या तर मोहरी सापडत नाही, आणि ती इतरांना सापडावी असे त्यांना फारसे वाटतही नसावे. म्हणून प्रत्येक पाटकऱ्याला एक जोडीदार द्यायचा आणि महिन्यातून एकदा पाटकऱ्याने हात मागे बांधून नुसते उभे राहायचे, काम जोडीदाराने करायचे, असे ठरले. माईंच्या जोडीला मला घातले आहे. मागच्या आठवड्यात मी मटकी भिजत घातली. उपसायची विसरलो.

१९ जानेवारी २०२५, रविवार

नऊ महिन्यांनंतर वही क्र. २ च्या वहिनींकडे देत आहे. मागितली त्यांनीच. तासांचा रकाना त्या बंद करणार आहेत. त्यांच्या मते पाळीची कामे झाली की नाही एवढे पुरे आहे आणि पाटकऱ्यांनी खुणेऐवजी दर आठवड्याला एक ओळ लिहावी: काय पाहिले, काय बदलले, काय बदलायचे राहिले. मी म्हटले की मग वर्षअखेरीस कोणी किती केले ते सांगता येणार नाही. त्या म्हणाल्या, हो, नाही येणार. माझा विरोध मी येथे नोंदवतो आणि वही देतो.

हस्तांतरणाच्या बाबी: अवजारांच्या खोलीच्या तीन किल्ल्या असून तिसरी आबांकडे आहे. ब्लीचिंग पावडरीचा डबा मेमध्ये उघडलेला असल्यामुळे तिची ताकद उतरली असेल, टाकी धुण्याआधी नवी आणावी. पाचोळ्याची पोती या वेळी फेब्रुवारीतच जेवणघराच्या ओट्याखाली, कोरड्यात ठेवायची आहेत, क्र. ११ च्या पुतणीने जागा खडूने आखून ठेवली आहे. ओव्हरफ्लोच्या जाळीचा एक जादा तुकडा आणि अर्ध्या इंची नळाचे सहा वॉशर मधल्या फळीवरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. डब्यावर ‘चकली’ असे लिहिलेले आहे, ते खोडायचे राहिले.